पप्पांच्या डाव्या हाताचा कीबोर्ड

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. एस्टीत बसलेय, लोहा मागं गेलं, अहमदपूर अजून यायचंय, आणि गाडी एवढी हादरतेय की एका अक्षरावर बोट ठेवलं तर शेजारचंच उमटतं. तरी लिहून राहिले. लातूरला पोचून, हातपाय धुऊन, जेवून मग लिहू म्हणलं तर मी ते लई शहाण्यासारखं लिहीन. मला शहाण्यासारखं न्हाई लिहायचं. आज पप्पांनी दुकानात बसून वाचलं. मोठ्यानं. झालं एवढंच, पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय ते तुम्हाला कळायचं न्हाई.

आधी माझं काम सांगते. लातूरला एका कोचिंग क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या मशीन माझ्याकडं असतात. पोरं तिथं सराव परीक्षा देतात. कुणी माऊसची बटणं उलटी करून जातं, कुणी पीडीएफ भलत्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायची सोय करून ठेवतं, आणि दुसऱ्या दिवशी ते दुसऱ्याच पोराला भोगायला लागतं. म्हणून मी मशीनच्या सगळ्या सवयी साध्या मजकुराच्या फायलींत लिहून ठेवते. कॉन्फिग फायली म्हणतात त्यांना. कोणतं बटण दाबलं की काय व्हायचं, कुठली फाईल कशात उघडायची, अक्षर केवढं, भाषा कुठली. सगळ्या फायली एका जागी ठेवायच्या, त्यात केलेला प्रत्येक बदल जपायचा, आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. ती नव्या मशीनवर चालवली की मशीन ओळखीची होऊन बसते. मला याचं वेड आहे, खरं सांगते. क्लासमधले गणिताचे सर म्हणतात, "हिच्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी सेटिंग तपासावी लागंल." म्हणू दे.

आता पप्पा. नांदेडला कोर्टाजवळच्या गल्लीत त्यांचं टायपिंगचं दुकान. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर, आणि गिऱ्हाइकासाठी खुर्चीला लागून एक स्टूल. शपथपत्रं, करारनामे, अर्ज. गिऱ्हाईक स्टुलावर बसून सांगतं आणि पप्पा टाइप करतात. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण आधी ते टायपिंग शिकवायचे.

त्या गल्लीची कामाची एक पद्धत आहे. नवीन शपथपत्र कुणीच कोऱ्या पानावर लिहीत न्हाई. आधीच्या माणसाची फाईल उघडायची, त्याचं नाव-गाव-वय खोडून याचं घालायचं, आणि काढायची प्रिंट. यात कधी ना कधी आधीच्याचं काहीतरी राहून जातं. एखाद्याचं वय बापापेक्षा जास्त होतं, एखाद्याला नसलेली बायको मिळते. म्हणून पप्पांचा नेम होता. प्रिंट द्यायच्या आधी स्क्रीनवरचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचायचा. वाचता येणाऱ्यालाही वाचून दाखवायचा. लोक हदगाव, धर्माबादवरून येऊन त्यांच्याच दुकानात बसायचे ते त्या वाचण्यासाठी, हे मला आज कळलं. तेव्हा मला वाटायचं, वेगासाठी येतात.

गेल्या पोळ्याच्या आसपास पप्पांना लकवा मारला. उजवी बाजू. पाय हळूहळू आला, काठी धरून चालायला लागले. हात न्हाई आला. जीभ जड झाली. डोकं मात्र एकदम साफ, पेपरातली चूक अजून आधी त्यांनाच दिसते. घरात आम्हाला त्यांचं बोलणं समजायचं, म्हणून जिभेचं कुणी फारसं मनावर घेतलं न्हाई. सगळ्यांचं लक्ष हाताकडं. फिजिओथेरपीवाले रोज यायचे, बोटं एकेक करून उघडायचे आणि सोडली की ती परत मिटायची. पप्पा तिकडं बघायचेच न्हाईत. खिडकीकडं बघायचे.

दुकान तेवढ्यापुरतं माझ्या चुलतभावानं, दादानं, धरलं होतं. दादाचा हात चांगला आहे, पण त्याला ऑनलाइन फॉर्मचं सेंटर काढायचंय. त्यानं पप्पांना विचारलं, मशीन फॉरमॅट करून नवीन बसवू का. पप्पांनी मान हलवली. कर म्हणले. दुकान तुझंच समज म्हणले. आईनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, तेच मला भारी पडलं. ती म्हणाली, "खुर्ची दिली की मंग हे घरातून उठायचे न्हाईत बघ."

मी दादाला फोन लावला. "मशीनला हात लावू नको. मी यायले."

"अगं माय, त्यात काय ठिवलंय? जुनाट डबा हाय."

"डब्याला पण हात लावू नको."

आता मशीनला मी काय केलं ते सांगते, कंटाळू नका, सोपं आहे. पप्पा टाइप करतात ते इनस्क्रिप्टवर, सरकारी मराठी कीबोर्ड. त्यात डाव्या हाताला सगळे काना, मात्रा, वेलांट्या, उकार असतात. उजव्या हाताला जवळजवळ सगळी व्यंजनं. क, ग, त, द, प, र, ह, स, सगळी तिकडं. म्हणजे लकव्यानं पप्पांकडं काना-मात्रा ठेवल्या आणि अक्षरं नेली. डावीकडं व्यंजनं उरली म, न, व आणि ण. दुकानात तोवर दादानं स्वतःचा लॅपटॉप लावला, आणि मी मशीन घरी आणून पलंगाजवळच्या टेबलावर ठेवली. पप्पांनी डाव्या हातानं जरा चाचपून बघितलं आणि एक शब्द टाइप केला. विमान.

"बस म्हणावं आता यातच," ते म्हणले. जड जिभेनं, पण म्हणले. आई पदर तोंडाला लावून हसली. मी हसले आणि मग मोरीत जाऊन उगीच तोंड धुतलं.

बटणांचं काम बदलणारं एक छोटं सॉफ्टवेअर असतं, त्याला पण अशी साधी कॉन्फिग फाईलच लागते. मी त्यात लिहिलं की स्पेसचं बटण नुसतं टिचकी मारून सोडलं तर ती स्पेस. पण दाबून धरलं तर डावी बाजू उजव्या बाजूचा आरसा होणार. उजव्या तर्जनीखाली जे अक्षर होतं ते डाव्या तर्जनीखाली येणार, करंगळीचं करंगळीखाली. बोटाला नवीन काही शिकायचं न्हाई, फक्त हात बदलायचा.

चालेना. पप्पांचा अंगठा बटणावरून हळू उठायचा आणि मशीनला वाटायचं, धरून ठेवलंय. प्रत्येक स्पेसच्या जागी कुठलं तरी व्यंजन उमटायचं. मशीन किती वेळ वाट बघते त्याचा एक आकडा फाईलमध्ये असतो, तो मी वाढवला. मग ती एवढी वाट बघायला लागली की पप्पाच वैतागले. मला लातूरला परत जायचं होतं. म्हणून त्या फायली मी इंटरनेटवर माझ्या नेहमीच्या जागी ठेवल्या. लातुरात बसून ओळ बदलली की नांदेडच्या मशीनवर बदलायची. संध्याकाळी दादाचा व्हॉइस मेसेज यायचा. "काका म्हणू लालेत, अजून थोडं कमी कर." मी कमी करायचे. "म्हणू लालेत, हां, आता बरं हाय, पण ट सापडंना." मी ट सरकवायचे. आमच्या बाप-लेकीचं आयुष्यात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि झालं ते असं, ट आणि ठ वर.

मधे एकदा ते जुनं शपथपत्र उघडायला गेले तर ते दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. ओळी मोडलेल्या, समास पानाबाहेर. दादानं काहीतरी नवीन टाकलं होतं आणि त्या सॉफ्टवेअरनं न विचारता सगळ्या फायलींची मालकी घेतली होती. आई म्हणाली, पप्पांनी कीबोर्ड पुढं सरकवला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. इतक्या वर्षांचे कागद मोडले असं त्यांना वाटलं. मोडलं काहीच नव्हतं, कशात उघडायचं ती एक ओळ बदलली होती. मी ती जागेवर आणली, पण ते दुसऱ्या दिवशी जेवायला उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आणि मग मला सुचलं ते लई भारी होतं, निदान मला तसं वाटलं. शपथपत्रातली तीच-तीच वाक्यं एका शब्दावर बांधायची. डाव्या हातानं 'मी' टाइप करून स्पेस मारली की आपोआप यायचं, 'मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की'. पप्पा खूष. दुपारी त्यांचा सराव चालला होता, आईनं आतून विचारलं चहा घेता का कॉफी. पप्पांना मोठ्यानं बोलायचा कंटाळा, त्यांनी उत्तर टाइप करायला घेतलं. मी चहा घेईन. आई बाहेर येऊन चष्मा लावून स्क्रीनवर वाचते तर काय.

"आवं, सत्यप्रतिज्ञेवर चहा मागायलाव का तुमी?"

आईनं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा मागून पप्पांच्या हसण्याचा आवाज येत होता. जड, अडखळत, पण त्यांचाच. मी लॅबमध्ये होते, पोरांचा पेपर चालू होता, मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. मग ते वाक्य 'मी' वरून काढून 'मीमी' वर बांधलं.

त्यानंतर हात बसत गेला. पूर्वीचा वेग न्हाई, पण पान पुरं व्हायचं. आणि तरीही पप्पा दुकानात जायचं नाव काढीनात. आज पाय दुखतो. आज ऊन हाय. आज दादाचं गिऱ्हाईक असंल. मी दर वेळी फाईलमध्ये काहीतरी बदलायचे. अक्षर मोठं केलं, स्क्रीनचा उजेड कमी केला, ट परत सरकवला. मला वाटायचं अजून कुठंतरी एखादी ओळ चुकतेय, ती सापडली की पप्पा उठतील.

दादा पण थांबून थांबून किती थांबणार. त्यानं मला नीट सांगितलं, चिडून न्हाई. "हे बघ, मला काकांची खुर्ची नकोय. पण ते येणार असतील तर येऊ दे, न्हाईतर न्हाई म्हणू दे. रिकामी खुर्ची बघून गिऱ्हाईक परत जाऊ लालंय." मी म्हणलं, मी सुट्टी काढून येते, मशीन दुकानात नेऊन लावते, मग बघू. पप्पांना एवढंच सांगितलं की वायरी नीट लावल्यात का ते बघायला तेवढं चला. वायरीसाठी ते तयार झाले. ऑटोतून गेलो.

आज सकाळी ही गोष्ट. कोर्ट उघडलेलं, गल्लीत गर्दी. पप्पा दुकानाच्या पायरीवर जरा थांबले, मग काठी टेकवत आत गेले आणि खुर्चीत बसले. वायरी बघितल्या. प्रिंटर चालू केला. शेजारचा झेरॉक्सवाला येऊन दारात उभा राहिला आणि चहा सांगून गेला. मी दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा आले, धोतर, हातात पिशवी. सातबाऱ्यावर त्यांचं नाव एक आणि आधारवर दुसरं, त्यामुळं काम अडलेलं. दोन्ही नावं एकाच माणसाची असं शपथपत्र पाहिजे होतं. दादा म्हणला, "या बाबा, हिकडं बसा, मी करतो."

"मास्तर हायत की," म्हातारे म्हणले आणि थेट स्टुलावर जाऊन बसले. "कवापासून येऊन जाऊलालो मी. ह्यो पोरगा म्हणतो, मास्तर न्हाईत, मास्तर न्हाईत. ह्ये काय, बसलेत की."

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी तसल्याच प्रकारचं एक आधीचं शपथपत्र उघडलं. पहिली ओळ खोडली आणि टाइप केलं, मीमी. वाक्य आलं. म्हाताऱ्यांनी डोळे मोठे केले. मग पप्पा डाव्या हातानं नाव घालत गेले, अंगठा स्पेसवर, धरला, सोडला, धरला. म्हातारे त्या हाताकडं बघत होते. एकदा पप्पांच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडंही त्यांनी बघितलं, आणि मग पिशवीतली कागदं उगीच सारखी करत बसले. पण पान झालं. पुरं झालं!

"हं," म्हातारे पुढं वाकून म्हणले. "वाचा आता."

पप्पांनी कीबोर्ड पुढं सरकवला.

त्या क्षणी मला कळलं. एवढे महिने मी हाताचीच फाईल लिहीत होते. दुकानात टाइप करावं लागतं आणि मग वाचावं लागतं, परक्या माणसासमोर, मोठ्यानं. पाय दुखतो, ऊन हाय, ते सगळं यासाठी होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंच नव्हतं.

दादा पटकन म्हणला, "मी वाचतो की बाबा."

"तू गप रे. मास्तर वाचतेत."

आणि मी काय केलं, तर मशीनकडं वळले. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज असतो ना, तो मी मराठीसाठी आधीच लावून ठेवला होता, असावा म्हणून. बटण दाबलं. एक बाई घाईघाईत वाचायला लागली, बसस्टँडवर गाड्या सांगतात तसं.

म्हातारे दचकले. "ही बाई कोण?"

"मशीन आहे आजोबा, तीच वाचते."

"तिला काय ठावं माझं? माझ्या रानाचा कागद हाय पोरी."

पप्पांनी डावा हात लांब केला आणि आवाज बंद केला. घसा साफ केला. दुकानाबाहेर दोन-तीन माणसं थांबलेली होती, त्यांच्याकडं एकदा बघितलं. मग वाचायला सुरुवात केली.

पहिली ओळ लई वाईट गेली. 'सत्यप्रतिज्ञेवर' हा शब्द चांगल्या जिभेला जड, पप्पांच्या जिभेवर तो तीन ठिकाणी अडला. लाळ आली, त्यांनी रुमालानं पुसली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. ओळ संपली आणि म्हाताऱ्यांनी ती परत म्हणली. सवय असल्यासारखी, पोथीच्या मागं म्हणतात तशी. त्यांना काय ऐकू आलं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणून बघितलं, आणि बरोबर का म्हणून पप्पांकडं बघितलं. पप्पांनी मान हलवली. दुसरी ओळ. म्हाताऱ्यांनी परत म्हणली. कुणी घाई केली न्हाई. चहा आला, तो तसाच निवत राहिला.

पप्पा वाचत गेले, "राहणार, धर्माबाद..."

"राहणार धर्माबाद," म्हाताऱ्यांनी म्हणलं, आणि थांबले. "आओ मास्तर! मी धर्माबादचा कवापासून झालो? हदगावचा हाय की मी!"

आधीच्या माणसाचं गाव राहिलं होतं. पप्पांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले. दारातला माणूस हसला, दादा हसला, म्हातारे सगळ्यात मोठ्यानं. "बरं झालं वाचलं. न्हाईतर माझं रान तिकडं तेलंगणाच्या बॉर्डरला गेलं असतं." पप्पांनी अंगठा स्पेसवर ठेवला. ह, द, ग, तिन्ही उजव्या हाताची अक्षरं. हळूहळू टाइप केली. मग ती ओळ पुन्हा वाचली, आधीपेक्षा जरा बरी, आणि पुढं चालू ठेवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. प्रिंट निघाली. म्हातारे कागद घेऊन नोटरीकडं गेले. दारातली माणसं पांगली न्हाईत. त्यातला एक जण आत येऊन स्टुलावर बसला.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी म्हणलं, "पप्पा, घरी सोडू का जाता जाता?"

"तू जा," ते म्हणले. स्क्रीनवरची नजर हलवली न्हाई. स्टुलावरच्या माणसाला म्हणले, "हं. सांगा. नाव."

दादानं मला बसस्टँडवर सोडलं. मी गाडीवरून उतरताना तो म्हणला, "फॉर्मचं टेबल मी भिंतीकडं लावतो, दोघांनाही जागा होईल." एवढंच.

आता अहमदपूर आलं. कंडक्टर दार आपटून राहिलाय, मागची बाई मला खिडकी लाव म्हणतेय, आणि मी हे तपासून न बघता पाठवणार आहे. मला एकच विचारायचंय. तुमच्या घरात झालंय का असं? तुम्ही कुणासाठी तरी मशीन, मोबाईल, चष्मा, काठी, काय असंल ते जीव लावून नीट करत बसलात, आणि त्या माणसाचं अडलं होतं भलतीकडंच? मग तुम्हाला ते कसं कळलं? कुणी सांगितलं?